माझ्या मागे कोणी नाही

बुधवारी सकाळी सातला अल्बी ट्रेविन बूट घालून, नाड्या बांधून दारात उभा असायचा. बाकीचे सहा दिवस त्याला स्वतःचे मोजेसुद्धा सापडत नसत. त्याच्या डोक्यात काय बिघडलंय ते डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, ग्लेनिसला, कागदावर चित्र काढून समजावलं होतं, पण त्या सगळ्या पडझडीत बुधवार तेवढा शाबूत कसा राहिला, हे काही त्यांना सांगता आलं नव्हतं.

बुधवार म्हणजे चालण्याचं मंडळ. ऑस्ट्रेलियातल्या माउंट ब्यूटी गावातली दहा-बारा म्हातारी माणसं गाड्या काढून वर नॅशनल पार्कात जायची, चार-पाच किलोमीटर चालायची, आणि चालण्यापेक्षा जास्त वेळ चहा प्यायची. अल्बी चौऱ्याहत्तरचा, ग्लेनिस बहात्तरची. त्या एका दिवशी अल्बीला कोणी गोळी घेतलीस का म्हणून विचारत नसे. नेव्हिल त्याच्या टोपीची थट्टा करायचा, अल्बी नेव्हिलच्या पायांची करायचा, आणि ग्लेनिसला आठवड्यातून एकदा नवरा परत मिळायचा. एवढ्यावर ती पुढचे सहा दिवस काढायची.

आणि तेच आता जायची वेळ आली होती. मागच्याच बुधवारी चहाच्या वेळी अल्बी उठला आणि दिसेनासा झाला. दोन तास सगळे हाका मारत फिरले. शेवटी तो गाड्यांच्या तळावर सापडला, मेलबर्नहून आलेल्या कुठल्याशा कुटुंबाच्या गाडीत, पट्टा लावून बसलेला. ती माणसं बिचारी भली. त्यांनी त्याला केळं दिलं होतं. पण मंडळाची बैठक झाली, आणि सोमवारी नेव्हिलचा फोन आला.

नेव्हिल मंडळाचा म्होरक्या. पूर्वी शाळेत हेडमास्तर होता, आणि निवृत्त झाल्याचं त्याच्या आवाजाला अजून कोणी कळवलं नव्हतं. पण त्या दिवशी तो हळू बोलला.

"ग्लेन, या बुधवारी आणू या त्याला. पण पुन्हा तसं काही झालं तर मला नाही म्हणावं लागेल गं. वर ढग उतरला की माणूस दहा पावलांवर दिसत नाही. मी कोणाकोणाला पुरा पडू?"

"मी त्याचा हात सोडणार नाही," ग्लेनिस म्हणाली.

"तेच तर. तू त्याला बॅगेच्या पट्ट्याला धरून चालवतेस. तो तुझ्यावर चिडतो, तू त्याच्यावर. मी असतो तर मीही पळालो असतो."

खोटं काय बोलला होता तो?

बुधवारी आभाळ स्वच्छ होतं, जानेवारीतलं, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यातलं. गाड्यांच्या तळावर सगळे जमले तेव्हा गोमाश्या मोज्यांतून चावत होत्या, आणि लिओनी तिच्या गुडघ्याची हकिगत पहिल्यापासून सांगत होती. मॅव्हिसने नारिंगी जाकीट चढवलं. मॅव्हिस म्हणजे मंडळाचं शेपूट. एकोणीस वर्षं ती रांगेच्या शेवटी चालत होती, आणि एकोणीस वर्षांत तिच्यामागे एक माणूस राहिला नव्हता, हे ती ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्यात सांगायची.

या मंडळींची पद्धत अशी, की म्होरक्या सगळ्यांच्या पुढे आणि शेपूट सगळ्यांच्या मागे. मधे फाटा आला, की म्होरक्या एकाला तिथे उभं करतो. त्याला म्हणायचं कोपऱ्यावरचा. चुकून कोणी भलत्या वाटेला लागू नये म्हणून तो येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवतो, आणि नारिंगी जाकीट आलं की विचारतो, "मागे कोणी?" शेपटाने म्हणायचं, "माझ्या मागे कोणी नाही." मग त्याची सुटका. हे वाक्य कानावर पडेपर्यंत कोपरा सोडायचा नाही, मग वरून साक्षात देवाने बोलावलं तरी. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण त्या पठारावर याच खेळामुळे बरीच माणसं घरी जेवायला पोचलेली आहेत.

खोपटापर्यंतची वाट सोपी होती. वाकड्या निलगिरींच्या पट्ट्यातून निघायचं, मग उघडं माळरान, आणि त्यात बर्फात वाट सापडावी म्हणून रोवलेले आकडे घातलेले खांब. जुन्या गुराख्यांच्या खोपटापाशी बसून सगळ्यांनी चहा घेतला, फळांचा केक खाल्ला. अल्बीने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा खिशात टाकला. ग्लेनिसचं लक्ष त्याच्यावर आणि लिओनीच्या गुडघ्यावर सारखंच होतं, कारण ऐकून घेण्यावाचून इलाज नव्हता.

निघताना नेव्हिल अल्बीजवळ आला.

"अल्बी, आज माझ्याबरोबर पुढे चल. काम आहे तुला."

"पगार किती?" अल्बी म्हणाला.

"केक खाल्लास तो काय धर्मादाय होता?"

एकेचाळीसाव्या खांबाशी फाटा होता. उजवीकडे गाड्यांचा तळ, चाळीस मिनिटांवर. डावीकडची वाट खाली दरीत, धरणाकडे जायची. खरं तर तिथे पाटी होती, वाट पायाखालची होती, आणि आजवर तिथे कधी कोणाला उभं केलं नव्हतं. पण नेव्हिलने अल्बीला खांबाशी उभं केलं आणि हेडमास्तरी आवाजात सांगितलं, "सगळ्यांना उजवीकडे पाठवायचं. शेपूट येईपर्यंत हलायचं नाही."

ग्लेनिस तिथे पोचली तेव्हा अल्बी एक हात खांबावर ठेवून ताठ उभा होता.

"मी थांबते याच्याजवळ," ती म्हणाली.

"कोपऱ्यावर एकच माणूस," अल्बी म्हणाला. "उजवीकडे, बाईसाहेब."

पुढून नेव्हिल ओरडला, "चल गं तू. मॅव्हिस येतेच आहे मागून. दहा मिनिटं, फार तर पंधरा."

ती गेली. चार वेळा मागे वळून पाहिलं तेव्हा तो दिसत होता. पाचव्या वेळी उतार लागला होता.

तळावर पोचल्यावर त्यांना पहिली दिसली ती मॅव्हिस. गाडीचं मागचं दार उघडं होतं, लिओनी आडवी पसरली होती, तिच्या गुडघ्यावर ओला टॉवेल होता, आणि मॅव्हिस तिला वर्तमानपत्राने वारा घालत होती.

नेव्हिल जागीच थांबला. "तू इथे कशी?"

"लिओनीचा गुडघा गेला ना. खोपटामागून वणवा विझवणाऱ्या गाड्यांचा रस्ता आहे, त्याने आणलं तिला, सरळ. तीनदा शिट्टी वाजवली मी, पण तुम्ही तोवर पुढे." मॅव्हिस सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बोलायची थांबली. "काय झालं?"

"अल्बी कोपऱ्यावर आहे," नेव्हिल म्हणाला.

"कुठल्या कोपऱ्यावर? तिथे तर कोणी नसतं."

मॅव्हिसचा चेहरा पाहता पाहता उतरला. वरून ढग उतरत होता. निलगिरींचे शेंडे दिसेनासे झाले होते आणि बारीक पाऊस धरला होता. तळावर फोन लागत नाही. शेवटच्या माणसाने अल्बीला पाहिल्याला पाऊण तास होऊन गेला होता.

"तो तिथे नसणार," ग्लेनिस म्हणाली. आवाज आपला नाहीच असं तिला वाटलं. "पाच मिनिटं उभा राहत नाही तो. दुकानात दूध घ्यायला मी पाठ वळवली की हा दाराबाहेर. खाली गेला असणार, धरणाकडे. तिथेच तर जन्म गेला त्याचा."

ते खरंच होतं. डोंगराच्या पोटात वीजघर होतं, आणि अल्बीने तिथे तीस वर्षं ड्यूटी केली होती. यंत्रांसमोरची खुर्ची; पुढचा माणूस येऊन शेजारी उभा राहीपर्यंत त्यातून उठायचं नाही, असा तिथला दंडक. लग्नाच्या दुसऱ्याच हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद झाला, पुढचा माणूस बावीस तासांनी पोचला, आणि ग्लेनिसने केलेलं मटण तोवर कुत्र्याच्या पोटात गेलं होतं. महिनाभर ती त्यावरून बोलली होती.

नेव्हिलने मंडळातल्या दोघांना आपल्या गाडीत घातलं. दरीची वाट खाली धरणाच्या रस्त्याला मिळते. तिथून वर चढत शोधायचं, मधेच फोन लागला की पोलिसांना कळवायचं. बाकीच्यांनी तळावर थांबून दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवायचा.

"मी कोपऱ्यावर जाते," मॅव्हिस म्हणाली. ती वाटेला लागलीही होती.

"एकटं कोणी जायचं नाही," नेव्हिलने दटावलं.

मग ग्लेनिस तिच्या मागून निघाली. अल्बी तिथे असेल असं तिला अजिबात वाटत नव्हतं. पण कोणावर तरी डाफरल्याशिवाय तिला श्वास घेता येत नव्हता, आणि मॅव्हिस त्या दिशेला चालली होती.

"एकोणीस वर्षं," ती मागून म्हणाली. "एकोणीस वर्षं ऐकतेय मी तुझं. एक माणूस मागे राहिला नाही म्हणे."

मॅव्हिस शहात्तर वर्षांची होती आणि चढ होता. ती नुसती चालत राहिली.

"निदान कोणाला सांगायचं तरी. लिओनीच्या गुडघ्याला काय पंख फुटणार होते?"

"चुकलं माझं," मॅव्हिस म्हणाली.

"चुकलं म्हणून तो सापडणार आहे का?"

"नाही. पण शेपूट कोपरा ओलांडल्याशिवाय घरी जात नाही. मी आज ओलांडला नाही, म्हणून निघाले. तुला परत जायचं तर जा."

यावर भांडता येईना. ढगात शिरल्यावर अंगावर शहारे आले. बॅगेतून रेनकोट काढताना ग्लेनिसच्या हाताला दोन रेनकोट लागले. अल्बीचा तिच्याकडेच होता. तो हरवेल म्हणून तीच नेहमी जवळ ठेवायची. त्या क्षणी तिचा स्वतःवरचा ताबा सुटला आणि ती चालता चालता रडायला लागली, नाक ओढत. मॅव्हिसने वळून न बघता रुमाल मागे धरला.

आपण काय काय बोललो त्याला या दोन वर्षांत, ते तिला आठवत राहिलं. एक काम धड होत नाही तुझ्याच्याने. बस इथे. हात लावू नकोस. हे सगळं ती प्रेमाच्या माणसाला बोलली होती, आणि दमलेलं माणूस असं बोलतंच, हे माहीत असून तिला ते आता सोसवत नव्हतं.

पंचेचाळीस. चव्वेचाळीस. खांब एकेक करून ढगातून बाहेर येत होते. त्रेचाळीसाव्याशी तिने हाक मारली. उत्तर आलं नाही. मग बेचाळीस. मग एकेचाळीसावा खांब दिसला, आणि तो नेहमीपेक्षा जाड होता.

अल्बी तिथेच होता. एक हात खांबावर, दुसरा खिशात. टोपीच्या कडेवरून पाणी गळत होतं, शर्ट अंगाला चिकटला होता, ओठ निळसर पडले होते. पायाखालचं गवत त्याने उभं राहून राहून तुडवलं होतं, जेमतेम घोंगडीएवढं, आणि त्याच्या बाहेर एकही पाऊल पडलेलं नव्हतं.

"अल्बी," ती म्हणाली. तिने त्याला रेनकोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. लहान मुलासारखा त्याने हात वर करून दिला. तिने त्याच्या टोपीवरचं पाणी झटकलं. "चल. चल आता घरी."

"शेपूट गेलं नाही अजून," अल्बी म्हणाला.

"अरे, मीच शेपूट," मॅव्हिस धापा टाकत म्हणाली. "ही बघ मी."

अल्बीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू पुढून आलीस. शेपूट मागून येतं. एवढं कळत नाही होय गं, मॅव्हिस?"

"सगळे पोचले रे. सगळे तळावर आहेत. मी दुसऱ्या वाटेने गेले, माझं चुकलं."

"असेल. मला कोणी सांगितलं नाही."

ग्लेनिसने त्याचा दंड धरून ओढला. त्याने खांबाला मिठी मारली. संध्याकाळी घरात कधी कधी त्याच्या डोळ्यांत जे यायचं ते तिला दिसलं, निम्मी भीती आणि निम्मा संताप, आणि त्याचे दात थंडीने वाजत होते. अजून थोडं ओढलं असतं तर तो तिला ढकलून खरंच दरीकडे पळाला असता. तिने हात सोडला.

मग तिच्या डोक्यात ते आलं. दंडक त्याने मोडला नव्हता. मोडला होता बाकीच्या सगळ्यांनी.

"मॅव्हिस, जाकीट दे."

"मी जाते ना."

"जाकीट मागून यायला हवं, खोपटाकडून. आणि पाय बघ तुझे कसे लटपटतायत. याला चहा पाज तू."

तिने जाकीट काखोटीला मारलं आणि अल्बीला वळसा घालून खोपटाच्या दिशेने निघाली. चाळीस. एकोणचाळीस. अडतीस. सदतिसाव्या खांबाशी वळून पाहिलं तर मागे नुसता पांढरा ढग. इथून पुढे अल्बी नाही, घर नाही, काही नाही. तिने ओलं जाकीट चढवलं. ते मॅव्हिसच्या मापाचं, गुडघ्यापर्यंत आलं. आपण काय वेडेपणा करतोय असं तिला वाटलं, आणि लगेच वाटलं, की दोन वर्षांत आपण त्याच्यासाठी केलेलं हे पहिलं शहाणपणाचं काम आहे.

ती परत चालू लागली. मुद्दाम सावकाश, शेपूट चालतं तशी, दर खांबाशी थांबून मागे बघत. मागे खरोखर कोणी नव्हतं, तरी तिने पाहिलं. खोटं सांगायचं नव्हतं तिला.

अल्बीला नारिंगी रंग दिसला तसा तो ताठ झाला. थर्मासचं चहाने भरलेलं झाकण त्याने मॅव्हिसच्या हातात दिलं.

"मागे कोणी?" त्याने विचारलं. आवाज थंडीने कापत होता, पण विचारणं पक्कं होतं.

"माझ्या मागे कोणी नाही," ग्लेनिस म्हणाली.

त्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे नीट पाहून घेतलं. मग खांबावरचा हात काढला; बोटं आखडली होती, ती त्याने दुसऱ्या हाताने एकेक सरळ केली.

"बराच उशीर केलास, ग्लेन," तो म्हणाला.

"झाला खरा उशीर. चल."

त्याने खिशातून केकचा भिजलेला लगदा काढला आणि तिला दिला. "तुझ्यासाठी ठेवला होता," म्हणाला. मग मॅव्हिसला पुढे घातलं, आपण मधे लागला. ग्लेनिसचा हात सवयीने त्याच्या बॅगेच्या पट्ट्याकडे गेला. त्याने वळून पाहिलं.

"शेपटाने मागे राहायचं."

ती मागे राहिली. तळापर्यंतचा सगळा उतार ती त्याच्या पाठीकडे बघत उतरली, चार पावलं अंतर ठेवून, आणि त्याचं एक पाऊल चुकलं नाही.

नेव्हिलची गाडी परत आली तेव्हा अल्बी दोन ब्लँकेटं गुंडाळून गाडीतल्या हीटरपुढे बसला होता. नेव्हिल त्याच्याजवळ आला. त्याने नुसता अल्बीच्या टोपीवरून हात फिरवला. मग मंडळाची वही काढली. त्या दिवशी जे घडलं ते वहीत लिहावं लागतं.

"मी सांगते तसं लिही," मॅव्हिस म्हणाली. "शेपटाने वाट सोडली. कोपऱ्यावरचा माणूस जागेवरून हलला नाही."

नेव्हिल लिहीत असताना ग्लेनिस शेजारी उभी होती. "आणि मी?" तिने विचारलं. "मीच म्हटलं होतं, तो तिथे नसणार."

"मीही तेच धरून चाललो. ते वहीत बसत नाही." त्याने वही मिटली. "पुढच्या बुधवारी धबधब्याची वाट आहे. तीन फाटे आहेत तिथे. त्यातल्या सगळ्यात अवघड फाट्यावर त्यालाच उभं करतो. आणि तू शेपूट. मॅव्हिसचं वय झालं."

"झालंच," मॅव्हिस म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

घाट उतरताना ढग मागे राहिला आणि खालची दरी उन्हात दिसली. अल्बीने बराच वेळ खिडकीतून पाहिलं. मग आपल्या मातीने भरलेल्या बुटांकडे पाहिलं.

"आज चालायला जायचंय ना?" त्याने विचारलं.

ग्लेनिसने गाडीचा वेग कमी केला. "जाऊन आलो रे."

"हो? मी कुठे होतो?"

"कोपऱ्यावर. एकेचाळीसाव्या खांबाशी."

तो आठवायचा प्रयत्न करत राहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली. काही हाती लागत नव्हतं, हे तिला दिसत होतं.

"हललो नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. "अजिबात हलला नाहीस."

तेवढं त्याला पुरलं. त्याने मान मागे टेकली आणि डोळे मिटले, ड्यूटी संपवून घरी येताना मिटायचा तसे.